साखरभात आणि चंदी

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. विषय जरा विचित्र आहे, घोड्याच्या पोटाचा. पण घरच्या मंडळींनी शेवटपर्यंत वाचावं अशी विनंती, कारण त्यात आपल्या घरचं एक जुनं देणं आहे.

सुरुवात झाली यंदाच्या गणपतीत. पेणचं घर, पेणचा गणपती, घरात पंचवीसेक माणसं आणि आमच्याबरोबर मुंबईहून आलेली आमची कुत्री चिंगी. दुसऱ्या दिवशी पहाटे चिंगीनं घर डोक्यावर घेतलं. उलट्या, जुलाब, डोळे खोल गेलेले. पशुवैद्याकडे नेलं तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "काल काय काय खाल्लं हिनं?" मी म्हटलं, "एक मोदक दिला होता मी." मग भाचा म्हणाला, "मी दोन." वहिनी म्हणाली, "मीही दिला एक, तूप घालून." असं करत करत हिशेब अकरा मोदकांवर गेला! प्रत्येकानं प्रेमानं एकेकच दिला होता आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपणच तेवढे लाड करतोय.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. एक वेळ पोटाला विश्रांती, मग थोडा थोडा मऊ भात आणि दही, असं सांगितलं. चिंगी दोन दिवसांत उड्या मारायला लागली. पण त्या सकाळी ओटीवर बसलेले मोठे काका म्हणाले, "वाचली बिचारी. नाहीतर हिचा राजा झाला असता." मुलं लगेच सरसावली, "कोण राजा?" आणि काकांनी ती गोष्ट सांगितली. आमच्या घरात ती पासष्ट वर्षांहून अधिक काळ जशी सांगितली जाते, तशीच.

राजा म्हणजे पणजोबांचा घोडा. घाटावरून आणलेला, बुटका, दणकट, तांबूस रंगाचा तट्टू. आमची तेव्हा पोह्यांची गिरणी होती. धरमतरच्या बंदरावर माल न्यायचा, मुंबईहून लाँचनं आलेल्या पाहुण्यांना आणायचं, यासाठी दारात घोडागाडी होती. ती हाकायला एक गाडीवान होते. सगळे त्यांना मामा म्हणत. १९५८ च्या मे महिन्यात धाकट्या आजोबांचं लग्न रोह्याला झालं. राजाची गाडी पेणहून पहाटे निघाली, नागोठण्याला थांबली, मग भिसे खिंड चढून दुपारी रोह्याला पोचली. रात्री राजाला पोटशूळ उठला. तो जमीन उकरत होता, मान वळवून स्वतःच्या कुशीकडे बघत होता, धाडकन अंग टाकून लोळत होता. पहाटे तो गेला. लग्नघरात अपशकुन झाला म्हणून बायका रडल्या. पणजोबांनी ठरवून टाकलं की खिंड चढून घामाघूम झालेल्या घोड्याला मामांनी गार पाणी पाजलं, म्हणून तो मेला. मामांना तिथल्या तिथे कामावरून काढलं. ते रोह्याहून कुठे गेले, कोणालाच ठाऊक नाही.

काकांनी गोष्ट संपवली, नेहमीसारखं वर "हलगर्जीपणा, दुसरं काय" असंही म्हणाले. मी गप्प बसले. या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग मला २००४ पासून माहीत आहे. तो सांगायच्या आधी थोडा इतिहास सांगते, कारण तो वाचल्यावरच मला त्या अर्ध्या भागाचा अर्थ लागला.

रोह्याच्या कुंडलिका नदीच्या काठानं पश्चिमेला गेलं की ती जिथे समुद्राला मिळते तिथे रेवदंडा आणि चौल. चौल आज नारळी-पोफळीत झोपलेलं गाव आहे, पण एकेकाळी ते पश्चिम किनाऱ्यावरचं मोठं बंदर होतं आणि तिथे उतरणाऱ्या मालातला एक महागडा माल म्हणजे घोडे. दख्खनमधल्या राजांना घोडदळासाठी अरबी आणि इराणी घोडे हवे असत. ते होर्मुझहून गलबतांत भरून इकडे येत. १४७० च्या आसपास असाच एक घोडा घेऊन अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी चौलला उतरला. पोर्तुगीज कालिकतला पोचले १४९८ मध्ये, म्हणजे हा गडी त्यांच्याही आधीचा! रेवदंड्यात आता त्याचं स्मारक आहे.

या निकितिननं प्रवासाच्या नोंदी लिहून ठेवल्या. चौलला उतरून तो जमिनीवरून पालीकडे गेला, तिथून सह्याद्री ओलांडून जुन्नरला. चौलहून पालीला जायचं म्हणजे आजच्या रोहे-नागोठण्याच्या मुलखाला लागूनच वाट. ज्या भागात आमचा राजा गेला, त्याच भागातून साधारण पाचशे वर्षांपूर्वी एक परका माणूस आपला घोडा जपत चालला होता, या कल्पनेनं मला उगाचच गहिवरून आलं. जुन्नरच्या खानानं त्याचा घोडा काढून घेतला. मुसलमान हो, तर परत देतो, वर सोन्याची नाणीही देतो, असं सांगितलं. पुढे एका भल्या खुरासानी माणसाच्या मध्यस्थीनं घोडा परत मिळाला आणि अखेर बिदरला विकला गेला. वर्षभर त्या घोड्याला पोसण्यात किती पैसे गेले, तेही त्यानं व्यापाऱ्याच्या चिकटपणानं लिहून ठेवलंय.

पण माझं लक्ष अडकलं ते दुसऱ्याच एका वाक्यावर. या देशात घोड्यांना हरभरा घालतात आणि साखर, तेल घालून खिचडी शिजवून खायला देतात, असं तो लिहितो. रशियात घोडा गवत आणि ओटवर वाढलेला. निकितिनला ही खिचडी नवलाची वाटली असणार, नाहीतर त्यानं ती लिहून ठेवली नसती.

हे नवल वाटणारा तो पहिला नव्हे. त्याच्या पावणेदोनशे वर्षं आधी मार्को पोलो आला होता. आपल्या ठाण्याबद्दल त्यानं एक मजेशीर गोष्ट सांगितलीय. ठाण्याच्या राजाचा समुद्रातल्या चाच्यांशी करार होता म्हणे. लुटीत बाकी काहीही मिळो, ते तुमचं. घोडे मात्र माझे. इतका घोडा मोलाचा. आणि दक्षिणेत, पूर्व किनाऱ्यावर, इतके महाग घोडे आणून लोक काय करतात? तर त्यांना शिजवलेला भात आणि शिजवलेलं मांस खायला घालतात, असं पोलो सांगतो. दरवर्षी हजारो घोडे येतात, वर्ष संपेपर्यंत त्यातले थोडेच उरतात, आणि घोड्याचं जाणणारी माणसं तिथे नाहीत, असं तो स्पष्टच म्हणतो.

परदेशी प्रवासी तिखटमीठ लावतात हे मान्य. पण आपल्याकडचा पुरावाही फार वेगळा नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाचं एक प्रकरण आहे. त्यात उत्तम घोड्याचा शिधा दिलाय. तांदूळ किंवा जव, मूग-उडीद, मीठ, तेल-तूप, मांस, दही, वरून गूळ-साखर, मद्य किंवा दूध. सोबत गवतही आहे. पण यादी वाचताना वाटतं की ही एखाद्या पैलवानाची थाळी आहे.

लोक वेडे होते का? मुळीच नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर एक साधा हिशेब होता. जे खाऊन माणूस धष्टपुष्ट होतो, ते खाऊन घोडाही होईल. राजाचा घोडा म्हणजे राजघरचाच माणूस. मग त्याला राजाच्या पंगतीतलं का नको?

इथे घोड्याचं पोट मध्ये येतं. (आतड्यांची वर्णनं नकोशी वाटणाऱ्यांनी पुढचे तीन परिच्छेद एका दमात वाचावेत.)

गाय आणि घोडा दोघंही गवत खातात, पण दोघांची रचना उलटी. गवतातला चोथा दोघांनाही स्वतःहून पचवता येत नाही. ते काम पोटातले कोट्यवधी सूक्ष्मजीव करतात. गाईचं हे आंबवण्याचं रांजण पुढे असतं, जठराच्या आधी. घोड्याचं मागे असतं, लहान आतड्याच्या पलीकडे, मोठ्या आतड्यात. घोड्याचं जठर त्याच्या देहाच्या मानानं अगदी लहान, साधारण ८ ते १५ लिटरचं. म्हणून तो एकदम भरपूर खाण्यासाठी बनलेलाच नाही. मोकळ्या रानात सोडला तर दिवसाचे पंधरा-सोळा तास तो थोडं थोडं चरत राहतो. त्याच्या जठरात आम्ल सतत पाझरतं, पण लाळ सुटते ती फक्त चावताना. त्यामुळे चावायला गवत नसेल तर ते आम्ल त्याचंच जठर जाळतं.

आता त्याला एकदम घमेलंभर भात किंवा दाणा घातला तर काय होतं? पिठूळ अन्न लहान आतड्यात पचायला हवं, पण तिथली ताकद मर्यादित. जे पचत नाही ते तसंच मागच्या रांजणात जाऊन पडतं. तिथे गवत पचवणाऱ्या जीवांऐवजी पिठावर जगणारे जीव माजतात, आम्ल तयार होतं, गवतवाले जीव मरतात, विषारी द्रव्यं सुटतात, वायू धरतो. पोट फुगतं, शूळ उठतो. कधी घोडा त्यातून वाचतो, पण तेच विष रक्तातून खुरांपर्यंत जाऊन त्याला कायमचा लंगडा करतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे घोड्याला उलटी करता येत नाही. जठराच्या तोंडाची झडप इतकी घट्ट की आत गेलेलं बाहेर येत नाही. आमची चिंगी रात्रभर ओकली म्हणून वाचली. घोड्याला ती सोय नाही.

न्यायानं सांगायचं तर निकितिननं पाहिलेल्या खिचडीत सगळंच वाईट नव्हतं. शिजवलेला दाणा कच्च्यापेक्षा लहान आतड्यात जास्त पचतो. थोडं तेल घोड्याला चालतं. शर्यतीच्या घोड्यांना हल्ली दाणा कमी करून तेल देतातही. प्रश्न असतो तो किती, किती वेळा आणि किती अचानक याचा. पोटातल्या जीवांना नव्या अन्नाची सवय व्हायला आठ-दहा दिवस तरी लागतात. म्हणून आजचे पशुवैद्य सांगतात की आधी गवत, मग दाणा. दाणा द्यायचाच तर दोन-तीन वेळा विभागून. काही बदलायचं तर हळूहळू. आणि पाणी कायम समोर.

आता गंमत बघा. यातलं बरंचसं आपल्याकडच्या पागेतल्या माणसांना सूक्ष्मजीवांचं नावही न ऐकता माहीत होतं. 'चंदी' हा आपला शब्दच किती नेमका आहे. चंदी म्हणजे घोड्याचा ठरलेला दाणा. भिजवलेला हरभरा किंवा कुळीथ, मोजून तोबऱ्यात. वाटेल तेव्हा, वाटेल त्यानं, वाटेल तेवढं घातलं तर ती चंदी नव्हे. घोडा दिवसभर जे खातो ती वैरण आणि त्यावर जी देतात ती चंदी, असे दोन वेगळे शब्द आपण ठेवले. घोड्याच्या वैद्याला सालोत्री म्हणत, ते शालिहोत्र या जुन्या अश्ववैद्यक लिहिणाऱ्या मुनींच्या नावावरून. आणि कुळथाबद्दल कोकणातल्या माणसानं घोड्याशी नातंच सांगायला हवं. इंग्रज त्याला 'हॉर्स ग्रॅम' म्हणाले आणि आपण त्याचं पिठलं करून भातावर ओढतो. राजाच्या तोबऱ्यात आणि आमच्या चुलीवर एकाच पोत्यातला कुळीथ जायचा, असं आजी सांगायची.

कोकणात घोडं पाळणं मुळात अवघड. पावसाळ्यातलं गवत पाणचट, जमीन चार महिने चिखलाची, खूर कुजतात. भाताचा पेंढा मुबलक, पण त्यात सत्त्व कमी, आणि पाणी कमी पडलं तर तो आतड्यात बसतो. पेणचा खारेपाट म्हणजे तर सगळी मिठाची जमीन. म्हणून घोडे वाढले ते देशावर, भीमा-नीरेच्या काठी. त्या भीमथडी घोड्यांची आता स्वतंत्र जात म्हणून नोंदही झालीय. पण स्वराज्याच्या पागांना कधीकधी कोकणात पावसाळा काढावा लागे, आणि तिथेच घोड्याच्या पोटाबद्दलचं आपल्या इतिहासातलं मला सगळ्यात शहाणं वाटणारं पत्र जन्माला आलं.

हे शिवाजी महाराजांचं पत्र प्रसिद्ध आहे. राज्याभिषेकाच्या आसपासच्या काळातलं, चिपळूणजवळ छावणी केलेल्या लष्कराच्या अधिकाऱ्यांना लिहिलेलं. रयतेच्या भाजीच्या देठाचं पत्र म्हणून आपण ते ओळखतो आणि तेवढंच लक्षात ठेवतो. पण पुन्हा एकदा वाचून बघा. पत्राचा मोठा भाग दाणा आणि गवताबद्दल आहे. पावसाळ्यासाठी दाणा-वैरण साठवली आहे. आज आहे म्हणून बेहिशेबी चारलीत, तर ऐन पावसाळ्यात काही उरणार नाही, घोडी उपाशी मरू लागतील, आणि मग ती तुम्हीच मारल्यासारखं होईल. त्यानंतर तुम्ही रयतेच्या घरात शिराल, आणि ती म्हणेल की यापेक्षा मोगल बरे. पुढे आगीचा इशारा आहे. दिव्याची पेटती वात उंदीर ओढून नेईल, गवताला आग लागेल, वैरण जळाली की पागा गेली. एका राजानं उंदरापर्यंत विचार करून ठेवलाय!

मला यात दिसतं ते असं. मार्को पोलोनं पाहिलेले राजे घोड्यावर कमी प्रेम करत नव्हते. त्यांनी पंगतीतलं उचलून त्याच्यापुढे ठेवलं. महाराजांनी कोठारातलं गवत मोजलं. घोड्याच्या दृष्टीनं दुसरं प्रेम उपयोगाचं होतं, कारण त्याला रोज, पावसाच्या शेवटच्या दिवसापर्यंत, गवत लागतं. पक्वान्न त्याला कधीच लागत नाही.

आता आजीकडे येते.

२००४ च्या मे महिन्यात मी पेणला होते. लाइट गेलेले. आजी आणि मी मागच्या पडवीत वारा घेत बसलो होतो. कशावरून तरी राजाचा विषय निघाला आणि आजी म्हणाली, "मामांनी नाही मारलं गं त्याला."

१९५८ मध्ये आजी बावीस वर्षांची होती. घरातली थोरली सून. राजा तिचा लाडका. त्याची चंदी भिजत घालायचं काम तिचंच. लग्नाच्या रात्री पंगती उठल्या, साखरभाताचं एक पातेलं शिल्लक होतं. बाहेर राजा बांधलेला. दिवसभर उन्हातून आला, खिंड चढला, आणि सगळी माणसं गोडधोड जेवली, त्याला मात्र रोजचंच. तिला वाईट वाटलं. ती घमेल्यात भात घेऊन निघाली तेव्हा वाटेत मामा दिसले. म्हणाले, "वयनी, चंदी झालीय त्याची. घोड्याला भात नको." ती "बरं" म्हणून मागे फिरली. मामा पंगतीला बसल्यावर मात्र परत गेली. घमेलंभर साखरभात, वरून तूप. राजानं ते चाटूनपुसून खाल्लं आणि तिच्या हाताला तोंड घासलं. तो ओला, गरम स्पर्श तिला शेहेचाळीस वर्षांनंतरही आठवत होता.

मध्यरात्री आरडाओरडा झाला. नवी-जुनी माणसं, व्याही, पणजोबांचा राग. त्या गर्दीत बावीस वर्षांच्या सुनेच्या तोंडून शब्द फुटला नाही. "सकाळी बोलेन म्हटलं. सकाळी तो मेलेला होता आणि मामांना काढून टाकलेलं होतं."

मी विचारलं, "मामांना कळलं होतं का?"

आजी बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "पहाटे मी घमेलं आणायला गेले. घमेलं घासूनपुसून भिंतीशी उपडं घातलेलं होतं. मी नव्हतं घासलं."

एवढंच. मामांनी घमेलं पाहिलं होतं. भात कोणी घातला हे ओळखलं होतं. ते घासून ठेवलं, आणि पणजोबांच्या समोर मान खाली घालून उभे राहिले. थोरल्या सुनेचं नाव व्याह्यांच्या दारात निघू नये, म्हणून असेल. की आपल्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही हे माहीत होतं, म्हणून? आजीनं आयुष्यभर याचंच उत्तर शोधलं असावं. रोह्याला गेली की ती टांग्यांच्या अड्ड्यावर मामांची चौकशी करायची म्हणे. आम्हाला वाटायचं, आजीला टांग्याची हौस आहे.

आजी २००९ मध्ये गेली. मी कोणाला सांगू नये असं ती म्हणाली नव्हती, आणि सांगावं असंही म्हणाली नव्हती. म्हणून इतकी वर्षं मी मध्येच लोंबकळत राहिले.

गणपतीत चिंगीच्या डॉक्टरांनाच मी सगळं सांगून विचारलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. इतक्या वर्षांपूर्वीच्या घोड्याबद्दल छातीठोक कोणीच सांगू शकणार नाही, असं म्हणाले. दमलेला घोडा, आधीच पोटात चंदी, वर सवय नसलेलं एवढं पिठूळ आणि गोड अन्न, हे शूळ उठायला पुरेसं आहे. पण लांबची वाट, उन्हाळा, कमी चावलेलं गवत, यांचाही वाटा असेल. मग मी पाण्याचं विचारलं. ते हसले. म्हणाले की दमलेल्या घोड्याला पाणी पाजलं की तो मरतो, ही जुनी समजूत आहे. उलट घाम गेलेल्या घोड्याला पाणी लागतंच. ते तोडलं तर आतड्यातला चारा सुकून बसतो. म्हणजे ज्या गुन्ह्यासाठी मामांची रोजी गेली, तो गुन्हाच नव्हता. खिंड चढून आलेल्या घोड्याला पाणी पाजणं, हेच त्या दिवशी राजासाठी कोणीतरी केलेलं नीट काम होतं.

हे सगळं आता जुनं झालं असं म्हणवत नाही. पेणच्या स्टँडबाहेरचे टांगे गेले, रोह्याचेही गेले, मुंबईतल्या व्हिक्टोरिया २०१५ मध्ये हायकोर्टानं बेकायदा ठरवल्या. पण आपल्याच जिल्ह्यात माथेरानला घोडे आहेत, अलिबागच्या वाळूवर कुलाबा किल्ल्यात नेणाऱ्या घोडागाड्या आहेत. वाळूत पडलेला चारा खाल्ला तर त्याबरोबर पोटात वाळू जाते आणि तिचाही शूळ होतो, म्हणून चारा पिशवीत किंवा टोपलीत द्यायचा असतो. २०२० च्या लॉकडाउनमध्ये पर्यटक बंद झाले तेव्हा माथेरानच्या घोड्यांच्या चाऱ्याचा प्रश्न उभा राहिला होता. महाराजांच्या पत्रातली भीती जवळपास साडेतीनशे वर्षांनी पुन्हा समोर आली. आणि सहलीला गेलेली आपली माणसं अजूनही घोड्यासमोर वडापाव, बिस्किटं, भजी धरतात. प्रेमानंच!

कुत्र्यांचं थोडं वेगळं आहे. २०१३ मध्ये स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की लांडग्याच्या तुलनेत कुत्र्याच्या जनुकांत पिठूळ अन्न पचवण्याची ताकद बरीच वाढलीय. हजारो वर्षं आपल्या उष्ट्यावर जगून त्याचं पोट आपल्या पंगतीला थोडंफार बसलं. म्हणून चिंगीला दहीभात चालतो. तरी कांदा नाही, मग तो अलिबागचा कितीही गोड पांढरा कांदा असो. कांद्यानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. द्राक्षं-मनुका नाहीत, चॉकलेट नाही, तुपाची धार नाही. मांजर तर पक्की मांसाहारी. मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना आपण कौतुकानं ठेवलेली दुधाची वाटीही पचत नाही.

असो. लांबलं खूप.

मोठे काका, तुम्ही हे वाचाल हे माहीत आहे, म्हणून तुम्हालाच सांगते. पुढच्या गणपतीत मुलं राजाची गोष्ट विचारतील तेव्हा तुम्हीच सांगा, पण सगळी सांगा. आजीचं नाव घ्यायला हरकत नाही. ती बावीस वर्षांची होती, तिनं घोड्याला आपल्यातलं चांगलं ते दिलं, आणि नंतर ती घाबरली. मामांचं मात्र खरं नावही आपल्याला आठवत नाही. घरातल्या थोरल्यांपैकी कोणाला आठवत असेल तर मला जरूर कळवा. रोह्यात त्यांची नातवंडं असतील तर मला एकदा जाऊन भेटायचंय. तुमच्या आजोबांनी घोड्याला पाणी पाजलं ते बरोबर होतं, एवढंच सांगायचंय.